माच्चा म्हणजे जपानने जपलेला सोंगकालीन चहा? अर्धंच खरं आहे

वस्त्रगाळ (धागाकर्ता)

माच्चाबद्दल (जपानी हिरव्या चहाची बारीक पूड) कुठेही वाचा, एक वाक्य ठरलेलं असतं: चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (दहावं ते तेरावं शतक) चहाची पूड फेटून पीत, पुढे चिनी लोक ते विसरले आणि जपानने जसंच्या तसं सांभाळलं. यातलं 'फेटून' बरोबर, 'जसंच्या तसं' चूक. (जपानी उच्चार 'माच्चा' आहे म्हणून तसं लिहितोय. 'मॅचा' म्हणणाऱ्यांशी भांडण नाही.)

आधी तांग काळ. आठव्या शतकात लू यूने चहावर 'चाजिंग' हा ग्रंथ लिहिला. त्यात चहा फेटत नाहीत, उकळतात. चहाची ढेप शेकायची, कुटायची, चाळायची आणि पूड आधणात टाकायची. आधणाच्या तीन पायऱ्या. माशाच्या डोळ्याएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज ही पहिली, तेव्हा मीठ. भांड्याच्या कडेने मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे चढू लागले की दुसरी. तेव्हा एक ओगराळं पाणी बाजूला काढायचं, उरलेलं ढवळून मधोमध भोवरा करायचा आणि त्यात पूड सोडायची. लाटा उसळल्या की तिसरी, तेव्हा बाजूला ठेवलेलं पाणी ओतून उकळी मोडायची, म्हणजे फेस टिकतो. त्यापुढे उकळलेलं पाणी 'म्हातारं', पिण्यालायक नाही. दूध घालून रटारटा उकळणाऱ्या आपल्या लोकांना हे पटणार नाही, पण असो.

सोंग काळात पूड आधणातून पेल्यात आली. दरबारी चहा फुज्येन प्रांतातल्या बेइयुआनच्या बागांत व्हायचा. कोवळे कोंब वाफवून दाबाखाली पिळून काढत, अगदी रस निघेपर्यंत. मग पाणी घालघालून खलात घोटायचे. वरच्या प्रतीसाठी हे घोटणं इतकं चाले की एका माणसाची दिवसभरात एकच ढेप व्हायची. मग ड्रॅगनच्या नक्षीचा साचा, मग शेकोटी. दरबारात जाणाऱ्या मालात थोडा भीमसेनी कापूरही मिसळत. त्यावर अकराव्या शतकातला अधिकारी त्साय श्यांग नाराज आहे, कापराने चहाचा स्वतःचा वास मरतो म्हणून.

रस पिळल्यामुळे तुरटपणा जायचा आणि हिरवा रंगही. म्हणून सोंग काळात उत्तम चहाचा रंग पांढरा. हिरवट म्हणजे कमी प्रतीचा. इथेच 'जसंच्या तसं' कोसळतं: माच्चाची सगळी प्रतिष्ठा हिरव्या रंगावर उभी आहे.

मग जपानला काय गेलं? एइसाई हा भिक्षू ११९१ साली चीनहून परतला आणि १२११ मध्ये त्याने चहाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं. त्याने पाहिलेली चहा करायची रीत त्यात आहे: सकाळी खुडायचा, लगेच वाफवायचा, त्याच दिवशी मंद आचेवर सुकवायचा, बरणीत भरून बांबूच्या पानांनी तोंड बंद करायचं. पिळणं नाही, खलात घोटणं नाही, साचा नाही. म्हणजे मोकळी पानं, पिताना पूड. हा मठांमधला साधा चहा होता, सम्राटाचा नव्हे. जपानने जपला तो या धाकट्या शाखेचा वंश, आणि पुढे त्याच्यावर स्वतःचं बरंच काही चढवलं.

---

खापरी

उत्तम धागा. पेल्यांचं राहिलं, ते मी टाकतो.

पांढरा फेस उठून दिसायला काळा पेला हवा, म्हणून फुज्येनमधल्या ज्येन भट्ट्यांचे पेले वर आले. लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती, तसाच लोहाळ झिलईचा लेप. तापल्यावर लेप ओघळतो आणि त्यात लोहाचे बारीक पट्टे उमटतात, त्याला 'सशाचे केस' म्हणतात. लेप तळाच्या अलीकडे जाड थेंबासारखा थांबलेला असतो आणि पायाशी उघडी माती दिसते. हा दोष नाही. लेप तळापर्यंत गेला असता तर पेला भट्टीतच चिकटून बसला असता.

त्साय श्यांग यांची निवड रंगापुरती नाही. ते स्पष्ट लिहितात की या पेल्याची भिंत जाड असते, एकदा तापवला की लवकर निवत नाही. थंड पेल्यात पूड वर येत नाही, म्हणून आधी पेला शेकायचा.

काठाच्या खाली बोटभर अंतरावर एक खाच असते. पैजेच्या वेळी नजर याच भागावर. फुज्येनमध्ये चहा फेटायच्या पैजा लागत: फेस पेल्याच्या भिंतीला चिकटून राहिला पाहिजे. ज्याचा फेस आधी मागे सरकून पाण्याची रेघ दिसेल तो हरला.

हेच पेले जपानी भिक्षूंनी त्यानमू डोंगरावरच्या मठांतून नेले, म्हणून तिकडे त्यांचं नाव 'तेनमोकु'. त्यांतले निळसर ठिपक्यांची झाक असलेले तीन पेले आज जपानची राष्ट्रीय संपत्ती आहेत. तिन्ही जपानमध्ये, चीनमध्ये तसा एकही अखंड नाही.

---

कोरा_चहा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

शंका: सोंग लोक प्रमाण काय घेत? आणि घरी माच्चा करताना फेस साबणासारखा मोठ्या बुडबुड्यांचा होतो, खाली गुठळ्या राहतात. चुकतं कुठे?

---

वस्त्रगाळ

@कोरा_चहा, प्रमाणाबद्दल त्साय श्यांग यांनी मोजमापापेक्षा दोन खुणा दिल्यात, त्या मला जास्त उपयोगी वाटतात. पूड कमी आणि पाणी जास्त झालं तर 'ढगांचे पाय विरतात', फेस विस्कटतो. पाणी कमी आणि पूड जास्त झाली तर 'पेजेचं तोंड धरतं'. हे आपल्याला समजावून सांगायला नकोच, पेज निवल्यावर वर साय धरते तसं. पाणी पेल्याच्या चार-दशांशावर थांबवायचं. आधी थोड्या पाण्यात पुडीचा लगदा, मग पाणी घालत फेटायचं. ११०७ च्या सुमारास सम्राट हुइत्सोंगने हेच पाणी सात वेळा विभागून कसं घालावं ते लिहिलंय, दर वेळी मनगटाची चाल वेगळी. राज्य गेलं त्याचं, पण चहावरचा हात पक्का होता.

घरच्या माच्चाचं 'आधण' सांगतील, त्यांचा विषय आहे.

---

आधण

हाक मारलीत म्हणून आलो. पातळ माच्चा, म्हणजे 'उसुचा', एका माणसाचा:

पेल्यात गरम पाणी घालून त्यात फेटणीचे दात बुडवून ठेवा, अर्धा-एक मिनिट. कोरडा बांबू कडक असतो, दात तुटतो. पाणी ओता आणि पेला कोरडा पुसा. ही पायरी लोक गाळतात, आणि निम्म्या गुठळ्या इथेच होतात, कारण ओल्या तळाला पूड चिकटते. मग दीड-दोन ग्रॅम पूड बारीक चाळणीतून थेट पेल्यात. घरची चहाची गाळणी चालते, पण बारीक जाळीची. माच्चाचे कण इतके बारीक असतात की स्थिर विजेने एकमेकांना धरून बसतात. नुसतं फेटून ते सुटत नाहीत.

पाणी ६० ते ७० मिली, ७५ ते ८० अंश. थर्मामीटर नको. उकळलेलं पाणी एका कोरड्या भांड्यात ओता, मग दुसऱ्या भांड्यात. दर बदलीला साधारण दहा अंश उतरतात. उकळतं ओतलंत तर कडवट होतो, कारण कडवट घटक गरम पाण्यात भराभर सुटतात आणि थिअनीन हे चहातलं गोडसर अमिनो आम्ल मागे पडतं.

आता फेटणं. आधी सावकाश तळ सोडवा. मग फेटणी तळावर न टेकवता, मनगटातून, पुढे-मागे जोरात, १५-२० सेकंद. गोल गोल फिरवू नका! साबणाचे बुडबुडे त्यानेच होतात. गोल फिरवल्यावर पाणी नुसतं भोवऱ्यात जातं आणि हवा मोठ्या गोळ्यांत अडकते. पुढे-मागे केल्यावर दात ती हवा चिरत जातात. फेस आला की फेटणी वर उचलून फक्त पृष्ठभागावर हळू फिरवा, उरलेले मोठे बुडबुडे फुटतात. मधोमध उचलून बाहेर काढा.

आणि लगेच प्या. माच्चा विरघळत नाही, पाण्यात तरंगतो. पाच मिनिटं बोलत बसलात की तळाशी चिखल.

आणखी एक, फेस भरपूर म्हणजे चहा चांगला असं नाही. उरासेन्के परंपरेत पूर्ण फेस आणतात, ओमोतेसेन्केत थोडाच, एका बाजूला चंद्रकोरीसारखी मोकळी जागा सोडून. आणि दाट माच्चा, 'कोइचा', त्यात तर फेस हा दोषच. माणशी साडेतीन-चार ग्रॅम, पाणी ३०-४० मिली, फेटायचा नाही, घोटायचा. पळीवरून सावकाश ओघळला पाहिजे. त्याला स्वस्तातली पूड चालत नाही, तोंड आकसतं.

---

बांबूबेट

@आधण, +१. फेटणीबद्दल भर घालतो.

'चासेन' एकाच बांबूच्या तुकड्यातून कोरतात, दात वेगळे लावलेले नसतात. नारा प्रांतातलं ताकायामा हे याचं जुनं गाव. उसुचाला बारीक दातांची, ८० किंवा १००, कोइचाला कमी आणि जाड दातांची. बारीक दात दाट चहात वाकतात.

धुताना साबण नाही, फक्त कोमट पाणी. मातीचा उलटा दांडा मिळतो, त्यावर बसवून ठेवावी म्हणजे दातांचा घेर टिकतो. डब्यात बंद करून ठेवू नये, पावसाळ्यात कोकणपट्टीत तर आठवड्यात बुरशी धरते. मधल्या गाठीच्या आतला भाग सर्वांत उशिरा वाळतो, बुरशी तिथूनच सुरू होते.

सोंग काळातली फेटणी अशी नव्हती. हुइत्सोंगने सांगितलेली जून बांबूची, जाड बुडख्याची आणि विरळ टोकांची. आजचं नाजूक फुलासारखं रूप जपानी. म्हणजे धागाकर्त्यांचा मुद्दा हत्यारालाही लागू.

---

पूर्वपक्ष

सगळं मान्य, पण निकाल जरा घाईचा वाटतो. क्योटोच्या केन्निन-जी मठात दरवर्षी २० एप्रिलला 'योत्सुगाशिरा' हा चहाचा विधी होतो. पाहुण्यांना पेल्यात आधीच पूड घालून देतात, भिक्षू चोचीच्या सुरईतून गरम पाणी ओततो आणि पाहुण्याने हातात धरलेल्या पेल्यातच उभ्याने फेटतो. पेला तेनमोकु, खाली लाकडी बैठक. हे सोंग चित्रांत दिसतं तसंच आहे. चीनमध्ये ११०३ साली मठांची जी नियमावली झाली तिच्यात चहापानाचे शिष्टाचार तपशिलाने आहेत. ही साखळी तुटलेली नाही.

दुसरं, चीनमध्ये पूड मेली ती मिंग सम्राटाच्या हुकमाने, 'विसरले' म्हणणं अन्याय आहे.

---

वस्त्रगाळ

पहिला मुद्दा मान्य, आणि तो मूळ लेखात यायला हवा होता. योत्सुगाशिरात विधी टिकला. मी म्हणतोय ते पेल्यातल्या वस्तूबद्दल. त्या पेल्यात आज जी पूड पडते ती सावलीत वाढवलेल्या पानांची हिरवीगार माच्चा, आणि तशी पूड एइसाईच्या काळी नव्हती.

सावलीचं थोडक्यात. खुडण्याआधी साधारण तीन आठवडे मळा झाकतात. थिअनीन मुळांत तयार होऊन पानात येतं आणि उन्हात त्याचं रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होतं. ऊन अडवलं की ते गोड राहतं, आणि कमी उजेडाची भरपाई म्हणून पान हरितद्रव्य वाढवतं. म्हणजे सोंग लोकांनी तुरटपणा पिळून काढला, जपान्यांनी तो होऊच दिला नाही. एकाने रंग घालवला, दुसऱ्याने वाढवला. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

खुडलेलं पान वाफवून, न वळता सुकवतात. शिरा-देठ काढल्यावर उरतं ते 'तेन्चा'. मग दगडी जातं, ताशी ३०-४० ग्रॅम. जोरात फिरवलं की दगड तापतो आणि रंग-वास दोन्ही जातात.

दुसऱ्या मुद्द्यावर असहमत. १३९१ साली मिंग संस्थापक चू युआनचांगने खंडणीतल्या ड्रॅगनच्या ढेपा बंद करून मोकळे कोंब मागवले, प्रजेवरचा भार कमी करायला. पण १३१३ च्या वांग चेनच्या शेतीग्रंथातच नोंद आहे की ढेपेचा चहा फक्त दरबारासाठी होतो, लोकांत क्वचित दिसतो. हुकूम निघाला तेव्हा प्रेत आधीच थंड होतं. आणि ढेपा सरसकट गेल्या नाहीतच. तिबेटकडच्या घोड्यांच्या व्यापारात त्या चालूच राहिल्या, आणि युन्नानचा पुअर चहा आजही ३५७ ग्रॅमच्या चकत्यांत येतो, सात चकत्यांची एक चळत.

---

मांडवी_काठ

सावलीचं सर्वांत जुनं वर्णन कुणाचं?

आणि अवांतर: 'चहा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला हे खरं का?

---

वस्त्रगाळ

तपशीलवार वर्णन जुआंव रोद्रिगिश या पोर्तुगीज जेझुइट मिशनऱ्याचं आहे. तो १५७७ ते १६१० जपानमध्ये होता. क्योटोजवळच्या उजीचे मळे गवताच्या आणि बोरूच्या छपरांनी झाकतात, कोवळे कोंब हिवाने करपू नयेत म्हणून, असं तो लिहितो. म्हणजे हेतू हिवापासून बचाव, चव ही मागून मिळालेली बक्षिसी.

गोव्याचा धागा इथे खरोखर आहे. आलेस्सांद्रो वालिन्यानो हा पूर्वेकडच्या मिशनांचा निरीक्षक १५७४ मध्ये गोव्यात उतरला आणि १५७९ मध्ये जपानला पोचला. जपानमधल्या प्रत्येक जेझुइट घरात चहाची खोली आणि चहा करणारा माणूस असावा, असा नियम त्याने घातला. त्याशिवाय तिथले प्रतिष्ठित लोक उंबरा ओलांडत नसत. तो चहागुरू सेन नो रिक्यूचा काळ (१५२२–१५९१), दोन ताटामी चटयांच्या खोलीत चहा प्यायची फॅशन ऐन भरात होती.

शब्दाबद्दल: 'चा' आणि 'ते' अशी दोन घराणी. मकाऊमार्गे पोर्तुगीजांनी 'चा' उचलला, फुज्येनच्या मिन्नान बोलीतून डचांनी 'ते' उचलला, त्याचंच टी झालं. पण खुष्कीच्या मार्गाने फारसीतही 'चाय' आलाच होता. मराठी 'चहा'वर दोघांचाही दावा आहे, नुसत्या उच्चारावरून निकाल लागत नाही.

---

किटली

पुडीवरच सगळे. मोकळ्या पानांनी चीनमध्ये जे झालं त्याचीही दखल घ्या की! पूड गेली म्हणून काळे पेले, जाती, फेटण्या सगळं एका झटक्यात निकामी झालं आणि चहाचं भांडं जन्माला आलं. यीशिंगच्या जांभळट मातीच्या किटल्या या बदलाचं अपत्य.

दक्षिण चीनमधल्या छाओचौ शहराची रीत घ्या. १०० मिलीच्या आसपासची किटली, लांब पिळाची ऊलोंग पानं दोन-तृतीयांश भरेपर्यंत (गोळीदार ऊलोंग असेल तर तळ झाकेल इतकीच, ती चौपट फुगते). पाणी खळखळतं, उंचावरून, कडेने. मधोमध ओतलं तर पानं फुटून कडवट होतं. वरचा फेस झाकणाने सारून काढायचा. पहिलं पाणी पेले धुवायला. मग दहा-पंधरा सेकंदांत ओतायचं.

पेले तीनच, अक्रोडाएवढे, एकमेकांना चिकटून. एकेक पेला भरायचा नाही. किटली तिन्हींवरून गोल फिरवत राहायची, म्हणजे आधीचं फिकं आणि शेवटचं कडक पाणी तिघांत सारखं वाटलं जातं. याचं नाव 'क्वान यू नगराला फेरी घालतो'. शेवटचे थेंब सर्वांत कडक, ते एकेक करून तिन्हींत टाकायचे: 'हान शिन सैन्य मोजतो'. दोघेही सेनापती. थेंब मागे ठेवलेत तर पुढचं पाणी कडू झालंच म्हणून समजा.

---

वस्त्रगाळ

@किटली, मान्य, आणि जपानमध्येही हे घडलं. १७३८ मध्ये उजीजवळ नागातानी सोएनने वाफवलेलं पान तापल्या पृष्ठभागावर हाताने वळून सुकवायची रीत बसवली, तोच सेन्चा. आज जपानी माणूस रोज पितो तो हा. माच्चा त्यांच्याकडेही प्रसंगाचा.

कोरियाचं एका ओळीत आटोपतो, वेगळ्या धाग्याचा विषय आहे. ८२८ साली तांग दरबारातून आलेलं बी जिरी डोंगरावर लावलं. ११२३ मध्ये तिथे गेलेल्या सोंग राजदूताने स्थानिक चहा तुरट, तोंडात घालवत नाही असा शेरा मारलाय. तिथले श्रीमंत सोंग ढेपांनाच किंमत देत.

---

कोरा_चहा

@आधण, पुसून-चाळून केल्यावर गुठळ्या गेल्या, धन्यवाद. पण रंग पिवळसर-शेवाळी येतो. पाणी की पूड?

---

आधण

पूड. पाण्याने चव बिघडते, रंग इतका नाही. डबा उघडल्यावर महिनाभरात संपवावा, आणि तो लहानच घ्यावा, २०-३० ग्रॅमचा. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. थंड पुडीवर दमट हवेतलं पाणी धरतं, आणि पुढच्या वेळी चाळणीतून खडे निघतात. दोन-तीन तास डबा बंदच राहू द्या. आणि पूड हिंगाच्या डब्याशेजारी ठेवू नका, वास ओढून घेते.